कर्नलनं कधी मरायचं आणि कधी नुसतं ओरडायचं

जुन्नर तालुक्यातल्या एका पंपघरातून मला पहाटे पावणेसहाला फोन यायचा. "ताई, तुमचा डबा परत झोपला." पंपघर सांभाळणारे काका निवृत्तीला टेकलेले. आवाजात तक्रार नसायची, नुसती खबर. मी विचारायचे, काका, हिरवा दिवा लागलाय का? लागलाय. लुकलुकतोय का? नाही. मग ते मेन स्विच पाडून परत चढवायचे, डबा जागा व्हायचा आणि माझी झोप उडायची. आठवड्यातून तीनदा तरी हेच.

डबा म्हणजे आमचं लिनक्सवर चालणारं एक छोटं एआरएम बोर्ड, म्हणजे एका पाटीवरचा छोटा संगणक; आणि कर्नल म्हणजे त्या लिनक्सचा गाभा. आरएस-४८५ च्या तारेवरून पंपाच्या मीटरशी मॉडबस नावाच्या भाषेत बोलायचं आणि आकडे पुढं पाठवायचे, एवढंच त्याचं काम. त्या पोर्टचा ड्रायव्हर मी लिहिला होता, आणि त्याच्या इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरनं हाक मारली की लगेच धावणाऱ्या कोडमध्ये) माझ्याच हातची एक ओळ होती, कंसातली अट खरी ठरली तर 'बग' म्हणून थांब असं कर्नलला सांगणारी: बग_ऑन(लांबी > २५६). मॉडबस आरटीयूची फ्रेम, म्हणजे एक अख्खा संदेश, २५६ बाइट्सच्या वर जातच नाही, नियमच तसा आहे. मग त्याहून मोठी फ्रेम आली तर काहीतरी भयंकर बिघडलंय, कर्नलनं थांबलेलंच बरं, असा माझा तेव्हाचा हिशेब.

पंपाची मोटर सुरू होताना तारेवर कचरा यायचा. मॉडबसमध्ये फ्रेम संपली हे साडेतीन अक्षरांएवढ्या शांततेवरून ओळखतात. ९६०० च्या वेगाला ही शांतता जेमतेम ४ मिलिसेकंदांची. कचऱ्यात तेवढीही शांतता मिळत नव्हती. लांबी वाढत वाढत २५७ झाली की माझी ओळ आपलं काम चोख बजावायची. कर्नल पॅनिकमध्ये गेल्यावर, म्हणजे हात टेकून थांबल्यावर, पुढं काय करायचं हे 'कर्नल.पॅनिक' या सेटिंगवर ठरतं. तिथं शून्य असेल तर तो कायमचा जागच्या जागी फिरत बसतो. आमच्याकडे शून्यच होतं, कारण मूळचा आकडा तोच असतो आणि कोणी बदलला नव्हता. बोर्डवर हार्डवेअर वॉचडॉगही (मशीन अडकलं की ते रीसेट करणारं सर्किट) होता, तोही कोणी चालू केला नव्हता. हे 'कोणी' म्हणजे मीच.

ड्रायव्हर किंवा कर्नलचं मॉड्यूल लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांनी अशी ओळ लिहिण्याआधी आणि लिहिल्यानंतर काय करावं, ते सांगते. मॅक्रोंची आणि फायलींची नावं मी उच्चारते तशी लिहिली आहेत. कोडमध्ये ती कशी शोधायची ते तुम्हाला कळेलच.

बग_ऑन नेमकं काय करतं

सी मधल्या अ‍ॅसर्टची सवय असलेला माणूस इथं फसतो. साध्या प्रोग्राममध्ये अ‍ॅसर्ट फसला की प्रोसेस मरतो आणि मागून ऑपरेटिंग सिस्टिम येऊन त्याच्या उघड्या फायली बंद करते, मेमरी काढून घेते. कर्नलच्या मागून झाडू घेऊन येणारं कोणी नाही.

एक्स८६ वर बग कंपाईल होऊन यूडी२ नावाची दोन बाइट्सची सूचना बनते. ही सूचना मुद्दाम अवैध ठेवलेली आहे. प्रोसेसर तिथं अडखळतो, ट्रॅप होतो, कर्नल त्या पत्त्याची नोंद आपल्या तक्त्यात शोधतो आणि फाईल व ओळ क्रमांक छापतो. गंमत म्हणजे नुसतं ओरडणारा वॉर्न_ऑन हा मॅक्रोही तिथं वर्षानुवर्षं हीच यूडी२ वापरत आला आहे. तक्त्यातल्या नोंदीवर 'ही नुसती ताकीद' अशी खूण असते, म्हणून कर्नल स्टॅक (कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं याची यादी) छापतो, ती सूचना ओलांडतो आणि पुढं चालू लागतो.

बगच्या बाबतीत पुढं काय होणार हे तुम्ही कुठं उभे आहात त्यावर आहे. कोड एखाद्या प्रोसेसच्या वतीनं चालला असेल तर ऊप्स (कर्नलच्या चुकीचा अहवाल) छापला जातो आणि तेवढा प्रोसेस मारला जातो. इंटरप्टमध्ये असाल तर मारायला प्रोसेसच नाही, म्हणून 'फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट' असं म्हणत सरळ पॅनिक. माझं हेच झालं. आणि मरणारा प्रोसेस इनिट, म्हणजे क्रमांक १ असेल, तरीही पॅनिकच.

यातला पहिला प्रकार ऐकायला सौम्य वाटतो, पण मला धास्ती त्याचीच जास्त. मेलेल्या प्रोसेसनं म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरलेला असेल तर तो सोडणारं कोणी उरत नाही. पुढचा प्रोसेस त्याच म्यूटेक्सपाशी येऊन उभा राहतो, त्याच्यामागं तिसरा, चौथा. किल केलं तरी ते हलत नाहीत. १२० सेकंदांनी लॉगमध्ये 'टास्क ब्लॉक्ड' अशी ओळ येते, आणि बघणारा बिचारा त्या ओळीच्या मागं लागतो. खरा खून दोन मिनिटं आधी, चार पानं वर झालेला असतो. शेवटी रीबूटची आज्ञा दिली तर तीही त्याच रांगेत अडकते. असं अर्धमेलं मशीन एकदा सांभाळलं की स्वच्छ पॅनिक परवडला असं वाटायला लागतं.

ऊप्सनंतर अर्धवट सुटलेल्या गोष्टी नुसत्या गैरसोयीच्या नसतात, त्यांचा हल्ल्यासाठीही उपयोग होतो. दर ऊप्समागं एखादा रेफरन्स काउंट (एखादी गोष्ट कितीजण वापरताहेत तो आकडा) न सोडता राहत असेल, तर तोच ऊप्स पुन्हा पुन्हा घडवून काउंट उलटवता येतो. म्हणून ६.२ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये ऊप्स_लिमिट आहे: मूळ मर्यादा १०,०००, तेवढे ऊप्स झाले की पॅनिक.

ओळ लिहिण्याआधी विचारायचा प्रश्न

प्रश्न एकच: ही अट मोडली तर चूक कोणाची?

बाहेरच्याची असेल, तर ना बग, ना वॉर्न. बाहेरचा म्हणजे यूजरस्पेसमधला प्रोग्राम, हार्डवेअर, डिस्क, नेटवर्कवरून आलेलं पॅकेट, पंपघरातली तार. मेमरी न मिळणं हेही याच घरातलं; मेमरी देणाऱ्या केमॅलॉकनं नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, दिला यात कोणाचाच बग नाही. इथं त्रुटीचा क्रमांक परत करायचा: चुकीच्या मागणीला ईइनव्हॅल, मेमरी नसेल तर ईनोमेम, हार्डवेअरनं दगा दिला तर ईआयओ. माझी २५७ वी बाइट याच खात्यातली होती. कधी ना कधी ती येणारच होती. मी तिला 'अशक्य' म्हटलं एवढंच.

लॉगमध्ये लिहायचं की नाही हा वेगळा विचार. एखाद्या प्रोग्रामनं आयऑक्टल या सिस्टिम कॉलला चुकीचा आकडा दिला तर मी काहीच लिहीत नाही, नुसता ईइनव्हॅल परत देते. लिहिलं तर कोणीही साधा यूजर लूप फिरवून लॉग भरून टाकू शकतो. हार्डवेअर बिघडलं असेल तर मात्र लिहायचं, आणि तेही डेव्ह_ ने सुरू होणारी फंक्शनं वापरून, म्हणजे कोणतं उपकरण ते आपोआप ओळीत येतं. वारंवार येऊ शकेल अशा ओळीला रेटलिमिटेड प्रकार वापरा: मूळ हिशेबानं ५ सेकंदांत १० ओळी, बाकीच्या गिळल्या जातात आणि किती गिळल्या तो आकडा नंतर छापला जातो. संदेशात आलेली किंमत आणि अपेक्षित मर्यादा दोन्ही असू द्या. 'इनव्हॅलिड लेंग्थ' या ओळीचा पहाटे पावणेसहाला काडीचा उपयोग नसतो. 'लांबी ३०२, मर्यादा २५६' यावरून निदान कुठं बघायचं ते कळतं.

चूक आपली, म्हणजे कर्नलच्याच कोडची असेल, तर वॉर्न_ऑन_वन्स. समजा, हे फंक्शन माझ्या ड्रायव्हरशिवाय कोणी बोलावत नाही, मी चॅनल तयार केल्याशिवाय बोलावत नाही, तरीही चॅनल नल निघाला. म्हणजे माझी समजूत कुठंतरी चुकली आहे. ती कुठं चुकली हे कळायला स्टॅक हवा, आणि स्टॅक छापणं हेच वॉर्नचं काम. हा मॅक्रो अटीची किंमत परतही देतो, म्हणून तो इफच्या पोटात बसतो:

इफ (वॉर्न_ऑन_वन्स(!चॅनल))
    रिटर्न -ईइनव्हॅल;

दुसरी ओळ विसरू नका. नुसतं वॉर्न_ऑन लिहून पुढच्याच ओळीत तोच नल पॉइंटर वापरणारा कोड मी कितीतरी वेळा पाहिला आहे. खड्डा आहे अशी पाटी लावायची आणि त्याच खड्ड्यात गाडी घालायची, असला प्रकार.

काही चुका कंपाईल करतानाच पकडता येतात. हार्डवेअरला ८ बाइट्सचा हेडर लागतो आणि तुमचं स्ट्रक्चर पॅडिंगमुळं (कंपायलरनं मधे सोडलेल्या रिकाम्या बाइट्समुळं) १२ झालं, तर ते मशीन सुरू होईपर्यंत कशाला थांबायचं? बिल्ड_बग_ऑन लिहा, आकार चुकला तर कर्नल बनणारच नाही. बग या शब्दाची मला आवडणारी जागा ही एकच.

आणि खरंच पुढं जाणं अशक्य असेल तर? अशा जागा आहेत. बूट होताना रूट फाईलसिस्टिमच सापडली नाही तर कर्नल पॅनिक करतो, त्यानं दुसरं करावं तरी काय? पण ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या वाट्याला अशी जागा जवळपास येत नाही. तुमचा पोर्ट बिघडला म्हणून बाकीचं मशीन मारायचा हक्क तुम्हाला नाही. उपकरण 'मेलं' अशी खूण लावा, पुढच्या प्रत्येक मागणीला ईआयओ द्या. फाईलसिस्टिमसारख्या नाजूक जागीसुद्धा मधली वाट काढलेली आहे: ईएक्सटी४ ला माउंट करताना एररवर काय करायचं ते सांगता येतं. चालू ठेव, रीड-ओन्ली हो, किंवा पॅनिक कर. निर्णय मशीन चालवणाऱ्याच्या हाती, कोड लिहिणाऱ्याच्या नाही.

कर्नलच्या कोडिंग-शैलीच्या दस्तऐवजातही आता हेच सांगितलं आहे: नवीन कोडमध्ये बगचे मॅक्रो नकोत, वॉर्न वापरा, त्यातही वन्स. पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट चालवलंत तर तीही टोकते. २०१६ च्या ऑक्टोबरात कर्नलचं ४.८ निघालं, तेव्हा ऐनवेळी आत आलेल्या पॅचमधल्या एका बग_ऑनवरून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे भडकले होते, आणि ते पॅच घाईनं घेतल्याचा पस्तावाही त्यांनी बोलून दाखवला होता. तेव्हा ही चूक फक्त नवशिक्यांची नाही, एवढं समाधान मी स्वतःला करून घेते.

माझी दुसरी चूक

पंपघराचा उलगडा झाल्यावर मी बग_ऑन काढून तिथं वॉर्न_ऑन टाकलं आणि फ्रेम फेकून दिली. वन्स नाही, साधं वॉर्न_ऑन. आता डबा मरत नव्हता. पण मोटर सुरू झाली की पाच-पाच मिनिटं मीटरचे आकडे यायचे बंद.

हिशेब मांडल्यावर कळलं. स्टॅकसकट एक ताकीद म्हणजे साधारण ३,००० अक्षरं. बोर्डचा सिरियल कन्सोल ११५२०० च्या वेगाचा, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. एक ताकीद छापायला पाव सेकंद, आणि हा पाव सेकंद इंटरप्ट बंद ठेवून. तेवढ्यात दुसऱ्या तारेवरून ९६०० च्या वेगानं दोनशेहून जास्त बाइट्स येऊन जातात, आणि यूएआरटीच्या (सिरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपच्या) फिफोत, म्हणजे आलेल्या बाइट्सच्या रांगेत, जागा १६ बाइट्सची. बाकीच्या सांडल्या. सांडल्या म्हणून दोन फ्रेम एकमेकींना चिकटल्या, चिकटल्या म्हणून लांबी वाढली, लांबी वाढली म्हणून परत ताकीद. कचरा तारेवरून कधीच गेलेला असायचा. आता माझी ताकीदच कचरा तयार करत होती.

म्हणून वन्स. एका बूटमध्ये एकदाच छापतं. चाचणी करताना तीच ताकीद परत बघायची असेल तर रीबूटची गरज नाही. डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलनं डीबगिंगसाठी दिलेल्या फोल्डरात, क्लिअर_वॉर्न_वन्स नावाची फाईल आहे, तिच्यात १ लिहा. आणि माझ्या प्रकरणात खरं तर वन्सही नको होतं, कारण चूक तारेची होती. शेवटी तिथं उरलं ते एवढंच: फ्रेम फेका, एक काउंटर वाढवा, रेटलिमिट लावलेली एक ओळ लिहा.

वॉर्न जपून वापरायचं आणखी एक कारण आहे. ३.१९ या आवृत्तीपासून कर्नलला पॅनिक_ऑन_वॉर्न हे सेटिंग आहे. ते लावलेल्या मशीनवर तुमची ताकीद म्हणजेच पॅनिक. सिझकॉलरसारखी फझिंगची (वेडंवाकडं इनपुट देऊन बग शोधण्याची) साधनं हे लावूनच चालतात, आणि काही लोक खऱ्या सर्व्हरवरही लावतात. चुकीच्या डेटावर चालण्यापेक्षा मशीन पडलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासाठी म्हणून खरी ताकीद गाळू नका. पण साध्या यूजरला एका सिस्टिम कॉलनं जिथं पोचता येतं तिथं वॉर्न ठेवलंत, तर त्या मशीनवर तुम्ही कोणालाही ते बंद पाडायची किल्ली दिली.

परतीची वाट

त्रुटी परत करणं सोपं वाटतं, पण खरे बग तिथंच दडलेले असतात, कारण तो कोड कधी चालतच नाही. पाच गोष्टी घेतल्या आणि चौथीवर अडलं, तर तीन, दोन, एक अशा उलट्या क्रमानं सोडायच्या. कर्नलमध्ये यासाठी गोटूची शिडी वापरतात, आणि कॉलेजात गोटूला नावं ठेवायला शिकलेल्यांनी इथं ती सवय बाजूला ठेवावी. लेबलाचं नाव त्या जागी काय सोडतो त्यावरून द्या: 'फ्री_बफर', 'अनलॉक', 'डिसेबल_क्लॉक'. एरर१, एरर२ अशी नावं दिलीत तर मधे एक पायरी घालताना हमखास क्रम चुकतो.

ही शिडी चालवून बघायची असेल तर फॉल्ट इंजेक्शन चालू करून कर्नल बनवा. त्यातलं फेलस्लॅब हे केमॅलॉकला ठरावीक प्रमाणात मुद्दाम अपयश देतं. माझ्या त्याच ड्रायव्हरवर मी ते पहिल्यांदा चालवलं तेव्हा चहा गार व्हायच्या आत दोन ऊप्स आले. एका ठिकाणी क्लॉक दोनदा बंद होत होता, दुसऱ्या ठिकाणी न घेतलेला इंटरप्ट सोडला जात होता. दोन्ही दोन वर्षं तसेच पडून होते.

मशीनवर काय लावून ठेवायचं

टेबलावरच्या बोर्डवर पॅनिक_ऑन_वॉर्न १ ठेवा, लॉकडेप (कुलपांच्या चुका पकडणारं) आणि मेमरी पुरत असेल तर केसॅनही (मेमरीच्या चुका पकडणारं) चालू करा. तिथं जेवढं लवकर मरेल तेवढं चांगलं.

शेतात, पंपघरात, जिथं स्क्रीन नाही आणि माणूसही क्वचितच, तिथं वेगळं. पॅनिक_ऑन_ऊप्स १, म्हणजे अर्धमेलं राहणं नाही. कर्नल.पॅनिक १०, म्हणजे दहा सेकंदांनी आपोआप रीबूट. हार्डवेअर वॉचडॉग चालू, कारण कधीकधी पॅनिकचा कोडही अडकतो.

आणि रॅमऊप्स. हे मला सगळ्यात उशिरा कळलं, म्हणून इथं जरा थांबते. रॅमचा एक तुकडा राखून ठेवायचा, मरताना कर्नल त्यात शेवटचा लॉग लिहितो, आणि पुढच्या बूटला तो सिस एफएसखाली पीस्टोअरच्या फोल्डरमध्ये फाईल होऊन हजर. फ्लॅशवर लिहायचं नाही, नेटवर्क लागत नाही. अट एकच: रॅमची वीज जाता कामा नये. आता काका आठवा. मेन स्विच पाडून चढवला की रॅमबरोबर पुरावाही गेला. मी महिनाभर 'पीस्टोअर चालत नाही' म्हणत बूटलोडर उकरत होते, आणि चालत नव्हता तो माझा शून्य. कर्नल.पॅनिक १० केल्यावर बोर्ड वीज न जाता आपलं आपण रीबूट झालं आणि पहिल्याच सकाळी अख्खा ट्रेस हातात आला.

मोठ्या सर्व्हरवर केडंप हवा: बूटला क्रॅशकर्नल म्हणून मेमरी राखायची, पॅनिक झाला की तिथला दुसरा कर्नल उठतो आणि पहिल्याच्या मेमरीची प्रत डिस्कवर टाकतो. आमच्या बोर्डवर सगळी मिळून १२८ एमबी, तिथं ही चैन नाही. जवळ दुसरं मशीन असेल तर नेटकन्सोल सोयीचा. लॉग यूडीपीनं पलीकडच्या ६६६६ पोर्टवर जातो.

ट्रेस वाचताना

'कट हिअर' ही ओळ शोधा आणि सगळ्यात पहिली घ्या. शेवटची नाही. लोक मला नेहमी शेवटच्या ट्रेसचा फोटो पाठवतात, कारण स्क्रीनवर तेवढाच उरलेला असतो. पहिल्या ऊप्सनंतरचं सगळं संशयास्पद.

मग टेंटेडची, म्हणजे कर्नल कशानं डागाळला ते सांगणारी, अक्षरं. 'डब्ल्यू' म्हणजे आधी ताकीद येऊन गेली आहे, 'डी' म्हणजे आधी ऊप्स झाला आहे, तेव्हा वर सरका. 'ओ' म्हणजे मुख्य कर्नलबाहेरचं मॉड्यूल, 'पी' म्हणजे मालकी हक्काचं. मशीन चालू असेल तर प्रॉकखाली सिस, कर्नल, टेंटेड या फाईलीत हाच हिशेब आकड्यात मिळतो. ४६०८ दिसलं तर ४०९६ अधिक ५१२: बाहेरचं मॉड्यूल आणि एक ताकीद.

नल पॉइंटरच्या ऊप्समध्ये पत्ता नीट बघा. क्वचितच तो चोख शून्य असतो. हेक्समध्ये १८ असेल तर नल स्ट्रक्चरच्या २४ व्या बाइटवरचा सदस्य कोणीतरी वाचत होतं; पाहोल हे साधन स्ट्रक्चरची मांडणी दाखवतं, त्यावरून सदस्य कोणता ते सापडतं. रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी अशी माळ दिसली, आणि स्लॅबचं पॉइझनिंग (फ्री केलेली मेमरी ठरावीक बाइटनं भरून ठेवणं) चालू असेल, तर ती मेमरी आधीच फ्री झालेली आहे. 'डेड' नं सुरू होऊन १०० किंवा १२२ नं संपणारा पत्ता म्हणजे लिस्टमधून काढलेला घटक कोणीतरी परत काढतंय.

फंक्शनच्या नावापुढं अधिक चिन्ह, एक आकडा, तिरकी रेघ आणि दुसरा आकडा असतो: फंक्शनच्या आत किती बाइटवर, आणि फंक्शन एकूण केवढं. ज्या नावाआधी प्रश्नचिन्ह आहे त्यावर विसंबू नका. तो पत्ता स्टॅकवर पडलेला सापडला एवढाच त्याचा अर्थ, कदाचित जुन्या कॉलचा उरलेला असेल. हे सगळं ओळ क्रमांकांत बदलून द्यायला कर्नलच्या स्क्रिप्ट्समध्ये डीकोड_स्टॅकट्रेस आहे. तिला त्याच बिल्डची, डीबग माहितीसकट असलेली व्हीएमलिनक्स फाईल लागते. 'त्याच' या शब्दावर जोर. मी पूर्वी शेकडो एमबीची ती फाईल जागा वाचवायला पुसून टाकायचे. आता बाहेर गेलेल्या प्रत्येक बिल्डची जपून ठेवते.

मुद्दाम पाडून बघा

हे सगळं लावल्यावर चालतंय का हे एकदा खरंच पाडून बघायचं, आणि ते खऱ्या मशीनवर न्यायच्या आधी. सिसआरक्यू-ट्रिगर या फाईलीत 'सी' लिहिलं की कर्नल तिथंच कोसळतो. क्रम असा: आधी सिंक करा, मग पाडा, दहा सेकंद मोजा, बोर्ड उठलं का बघा, पीस्टोअरमध्ये फाईल आली का बघा. वेगवेगळे प्रकार हवे असतील तर एलकेडीटीएम हे मॉड्यूल याचसाठी आहे. डीबगएफएसमध्ये प्रोव्होक-क्रॅशच्या फोल्डरात डायरेक्ट नावाच्या फाईलीत 'वॉर्निंग', 'बग', 'पॅनिक' असे शब्द लिहायचे, तसं ते घडतं. अर्थात कॅपिटल अक्षरांत. सुरुवातीला क्यूएमूच्या आभासी मशीनमध्येच करा. माझ्या टीममध्ये आलेल्या नव्या मुलाला मी पहिल्या आठवड्यात हेच काम देते. एकानं चुकून ते बिल्ड सर्व्हरवर केलं होतं. केडंप व्यवस्थित चालतोय हे त्यामुळं आम्हाला कळलं.

पंपघराचं सांगायचं राहिलं. तो फेकलेल्या फ्रेमचा काउंटर मी आकड्यांबरोबरच पुढं पाठवायला लावला होता. रोज पहाटे साडेपाचला तो चार-पाचनं वाढायचा आणि मग दिवसभर गप्प. आलेख काकांना दाखवला. ते म्हणाले, साडेपाचला दोन नंबरची मोटर चालू करतो, एक नंबरला काही होत नाही बघा. गेलो तर दोन नंबरच्या पॅनेलमध्ये आरएस-४८५ च्या केबलची शील्ड कापून तशीच मोकळी सोडलेली होती. अर्थिंगला जोडली. काउंटर त्या दिवसापासून १,१४३ वर आहे.